राउटर बंद-चालू केला की नेट येतं, पण परत जातं: दोष कुठल्या थरात आहे ते कसं ओळखायचं

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांचं नेटवर्क बघताना एक तक्रार सतत कानावर येते. नवी पेठेतली दुकानं आणि होटगी रोडचे दवाखाने इथेही तीच. “नेट मधूनच जातं. राउटर बंद करून चालू केला की येतं. दोन-चार दिवस नीट चालतं, परत जातं.” मग इंटरनेट देणारा बदलला जातो, नवा राउटर येतो, केबल नवी ओढली जाते. पैसे जातात आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

रीस्टार्टने नेट येतं म्हणजे राउटरच खराब, असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक ठिकाणी राउटर धडधाकट असतो. रीस्टार्टमुळे नेटवर्कमध्ये दुसरंच काहीतरी बदलतं आणि त्याचा गुण राउटरच्या नावावर जमा होतो. नेमकं काय बदललं हे कळलं तर दोषाची जागाही कळते. त्यासाठी स्विच, ब्रिज आणि राउटर आपापल्या थरावर काय बघतात आणि काय बघत नाहीत, एवढं समजून घ्यावं लागतं. हे काम शिकणाऱ्या मुलांनी आणि कारखान्यात ‘कॉम्प्युटरचं तूच बघ’ म्हणून ज्यांच्या गळ्यात हे पडलंय त्यांनी ते समजून घ्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रीस्टार्ट करण्याआधी

नेट गेल्याबरोबर हात राउटरच्या बटणाकडे जातो. बाहेर गाडी भरून उभी असते, माल राज्याबाहेर जायचा असतो आणि ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. ही घाई खरी आहे. पण बटण दाबलं की पुरावा पुसला जातो. दोन मिनिटं थांबा.

पहिल्यांदा टॅली बघा. डेटा एका पीसीवर आहे आणि बाकीचे पीसी तिथून तो उघडतात, असं ज्या ऑफिसात आहे तिथे नेट गेल्यावरही टॅली चालू आहे का? चालू असेल तर केबल आणि स्विच त्यांचं काम करताहेत. बिघाड गेटवेकडे, म्हणजे ऑफिसातून बाहेर नेणाऱ्या राउटरकडे, किंवा त्याच्या पलीकडे आहे. टॅलीही अडकली असेल तर इंटरनेट देणाऱ्याला फोन लावू नका, त्याचा यात संबंध नाही.

मग काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवर, गेटवेला पिंग करा, म्हणजे ‘ping’ आणि पुढे त्याचा पत्ता टाकून तो उत्तर देतो का ते बघा. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो. त्यानंतर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरला, पिंग करा. गेटवे उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, दोन्ही देतात पण वेबसाइटचं नाव उघडत नाही, किंवा गेटवेच उत्तर देत नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राउझर मात्र तिन्हींना एकच पाटी लावतो, ‘इंटरनेट नाही’.

शेवटी ‘एआरपी -ए’ (arp -a) ही आज्ञा द्या आणि जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. या फोटोचं मोल पुढे कळेल. आता रीस्टार्ट करा, नेट आलं की हीच आज्ञा पुन्हा द्या आणि दुसरा फोटो काढा.

पॅकेट ऑफिसातून निघतं तेव्हा

अकाउंट्सचा पीसी १९२.१६८.१.२५ आणि टॅलीचा पीसी १९२.१६८.१.१० आहे असं धरा. दोन्हींचा सबनेट मास्क, म्हणजे आपलं नेटवर्क कुठपर्यंत ते सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०. पीसी पाठवण्याआधी स्वतःच ठरवतो: समोरचा माझ्याच नेटवर्कात आहे का? मास्क लावून बघितलं तर आहे. मग तो सगळ्यांना हाक मारतो, “१९२.१६८.१.१० कोण आहे? तुझा मॅक पत्ता सांग.” या हाकेला एआरपी म्हणतात. १९८२ सालच्या आरएफसी ८२६ या दस्तऐवजात ती मांडली आहे आणि आजही तशीच चालते. टॅलीचा पीसी आपला ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, सांगतो, अकाउंट्सचा पीसी तो यादीत लिहून ठेवतो आणि फ्रेम, म्हणजे मॅक पत्ते घातलेलं डेटाचं पाकीट, पाठवतो. या व्यवहारात राउटरचं राउटर म्हणून काही काम नाही. राउटरची वायर काढली तरी टॅली चालते ती म्हणून.

स्विच दुसऱ्या थरावर, म्हणजे मॅक पत्त्यांच्या थरावर, काम करतो. त्याला आयपी पत्ता म्हणजे काय ते माहीतच नसतं. फ्रेम कुठल्या पोर्टातून आली आणि पाठवणाऱ्याचा मॅक काय हे तो टिपतो आणि त्यावरून कोण कुठे बसलंय याचा तक्ता बनवतो. ज्याचा मॅक तक्त्यात आहे त्याची फ्रेम फक्त त्याच्या पोर्टाला देतो. तक्त्यात नसेल तर आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळीकडे पाठवतो. सगळ्यांसाठी असलेली ब्रॉडकास्ट फ्रेमही अशीच सगळीकडे जाते. तक्त्यातली नोंद साधारण ३०० सेकंद वापरली गेली नाही की पुसली जाते. एवढाच त्याचा संसार, आणि तो हे काम फार निमूटपणे करतो. चुकीच्या माणसाने दिलेली फ्रेमही तितक्याच इमानदारीने पोचवतो.

ब्रिज म्हणजे हेच काम करणारा जुना भाऊ. पूर्वी त्याला बहुधा दोन पोर्टं असत आणि दोन केबलींवरची नेटवर्कं तो जोडायचा. आजचा स्विच हा अनेक पोर्टांचा ब्रिजच आहे. पण ब्रिज गेलेला नाही. वाय-फायचा प्रत्येक ॲक्सेस पॉइंट हवेतलं नेटवर्क आणि वायरचं नेटवर्क यांच्यातला ब्रिज असतो.

आता तोच पीसी ई-वे बिलाची साइट उघडतो. तो पत्ता आपल्या नेटवर्कातला नाही. मग पीसी हाक मारतो ती गेटवेला, “१९२.१६८.१.१ कोण आहे?” जो कोणी “मी” म्हणेल त्याच्या मॅकवर पॅकेट पाठवतो. ‘जो कोणी’ हे शब्द लक्षात ठेवा, आजच्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे. राउटर तिसऱ्या थरावरचा, म्हणजे आयपी पत्त्यांच्या थरावरचा. तो फ्रेमचं वेष्टन काढून आतला आयपी पत्ता वाचतो, टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) एकाने कमी करतो, पुढची वाट ठरवतो आणि नव्या मॅक पत्त्यांचं नवं वेष्टन चढवून पुढे देतो. टॉवेलची गाठ सोलापुरातून दिल्लीला निघाली की गाठीवरचा पत्ता दिल्लीचाच राहतो, पण वाटेतल्या प्रत्येक गोदामात गाडी बदलते. आयपी म्हणजे गाठीवरचा पत्ता आणि मॅक म्हणजे त्या टप्प्याची गाडी. घरगुती राउटर पाठवणाऱ्याचा खाजगी पत्ताही बदलून आपला बाहेरचा पत्ता लावतो, त्याला नॅट म्हणतात. तो विषय शेवटी येईल.

गोंधळ वाढतो तो इंटरनेटसोबत मिळणाऱ्या डब्यामुळे. त्यात तिघंही असतात. मागची पिवळी किंवा काळी चार पोर्टं म्हणजे स्विच, अँटेना म्हणजे वाय-फायचा ब्रिज आणि आत राउटर. बाहेरून एकच डबा दिसतो म्हणून सगळे त्याला राउटर म्हणतात. रीस्टार्ट केला की तिघंही एकदम रीस्टार्ट होतात, मग बरं कोणामुळे वाटलं ते कसं कळणार?

शेडमधला दुसरा १९२.१६८.१.१

एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या युनिटचं उदाहरण सांगतो, कारण याच साच्याचा दोष मला सगळ्यात जास्त वेळा दिसतो. पुढे ऑफिस, मागे लूमची शेड, त्याच्या मागे पॅकिंग. तक्रार वर लिहिलेलीच. टॅली कधी अडकत नाही, नेट तेवढं जातं. सगळ्यांचं एकदम जात नाही, आधी दोन पीसी, मग आणखी एक, मोबाइलवर कधी असतं कधी नसतं. मालकांनी एक नेमकी गोष्ट सांगितली, “लाइट गेली की त्यानंतर होतं बघा.” असं कुणी बोललं की ते वाक्य उडवून लावू नका. रोज तिथे बसणाऱ्या माणसाचं निरीक्षण आपल्या यंत्रांपेक्षा बऱ्याचदा अचूक असतं.

वर सांगितलेले दोन फोटो शेजारी ठेवले. नेट बंद असताना १९२.१६८.१.१ च्या समोर एक मॅक, नेट चालू असताना दुसराच. गेटवेचा मॅक बदलत नसतो. म्हणजे त्या नेटवर्कात आपल्याला १९२.१६८.१.१ म्हणवणारी दोन यंत्रं आहेत.

दुसरं यंत्र शेडमध्ये सापडलं. जॉबरला आणि पॅकिंगच्या लोकांना वाय-फाय मिळावं म्हणून कुणीतरी जुना राउटर तिथे लावला होता. ऑफिसच्या स्विचमधून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टात, म्हणजे आतल्या नेटवर्काच्या पोर्टात, खोचली होती, वॅन, म्हणजे इंटरनेटकडचं पोर्ट, रिकामं. वायर लॅन पोर्टात गेली की त्या डब्यातला स्विच आणि वाय-फायचा ब्रिज आपल्या नेटवर्काचा भाग होतात, आणि म्हणूनच शेडमध्ये वाय-फाय चाललं. पण आतला राउटर झोपत नाही. बनवणाऱ्या कंपनीनेच घालून दिलेला १९२.१६८.१.१ हा पत्ता तो सोडत नाही, आणि डीएचसीपीने आयपी वाटायचं कामही करत राहतो. त्याच्याकडे आलेलं ई-वे बिलाचं पॅकेट पुढे पाठवायला त्याला वाटच नाही, कारण वॅन रिकामं आहे. पॅकेट तिथेच मरतं.

आता लाइटचं बघा. ऑफिसचा राउटर यूपीएसवर होता, शेडमधला थेट लाइनवर. वीज गेली, जनरेटर लागला, शेडचा डबा नव्याने उठला. उठताना बरेच राउटर न विचारता एक घोषणा करतात: “१९२.१६८.१.१ मी, माझा मॅक हा.” एआरपीचा नियमच असा आहे, की ज्याच्या यादीत त्या आयपीची नोंद आधीपासून आहे त्याने घोषणा ऐकली की नोंद बदलायची. खरं-खोटं तपासायची सोय त्यात नाही. पीसींनी नोंद बदलली आणि इंटरनेटची सगळी वाहतूक शेडकडे वळली. पुढे पीसीने “अजून तूच ना?” असं विचारलं तरी शेडचा डबा जिवंत असल्याने “हो” म्हणतो, त्यामुळे चुकीची नोंद टिकून राहते.

मग कुणीतरी ऑफिसचा राउटर रीस्टार्ट करतं. उठताना तोही तशीच घोषणा करतो, पीसी पुन्हा नोंद बदलतात, नेट येतं. पुढची लाइट जाईपर्यंत. राउटर, इंटरनेट कंपनी, केबल बदलून काही होत नव्हतं ते यामुळे. शेडमधल्या डब्याला कुणी हातच लावला नव्हता.

विंडोज याबद्दल काही बोलत नाही. पीसीचा स्वतःचा आयपी दुसऱ्याने घेतला तर ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ अशी सूचना येते. गेटवे दोन आहेत हे कळवायला कुणी नाही.

दुसरा डबा कसा शोधायचा

सोपी कसोटी आहे. मुख्य राउटरकडून स्विचकडे येणारी वायर काढा. वाय-फायवरून नाही, तर स्विचला वायरने जोडलेल्या पीसीवरून हे करा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘एआरपी -डी’ (arp -d *) देऊन जुनी यादी पुसा आणि १९२.१६८.१.१ ला पिंग करा. राउटर नेटवर्काबाहेर आहे, तरी उत्तर आलं तर दुसरा दावेदार आहे, यात शंका नको. लगेच ‘एआरपी -ए’ मध्ये त्याचा मॅक बघा. मॅकचे पहिले २४ बिट बनवणाऱ्या कंपनीला नेमून दिलेले असतात, त्यावरून कुठल्या कंपनीचा डबा शोधायचा तेही कळतं.

जागा शोधायला ‘पिंग -टी’ (ping -t), म्हणजे न थांबणारं पिंग, चालू ठेवा आणि स्विचवरची एकेक वायर काढत जा. जी काढल्यावर उत्तर थांबेल त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाकडे चालत जा. मॅनेज्ड, म्हणजे आतल्या सेटिंग बघता-बदलता येणारा, स्विच असेल तर चालायचीही गरज नाही, त्याच्या मॅक तक्त्यात तो मॅक कुठल्या पोर्टावर आहे ते लिहिलेलं असतं.

उपाय करताना डबा फेकू नका. शेडला वाय-फाय हवंच आहे. त्या राउटरला लॅपटॉप जोडा, त्याचा लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा आणि वायर लॅन पोर्टातच ठेवा. काही राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय मिळतो, तो ही दोन्ही कामं करतो. मुख्य राउटरचा डीएचसीपी १९२.१६८.१.१०० पासून वाटेल असा ठेवा, म्हणजे हाताने दिलेले पत्ते आणि वाटलेले पत्ते एकमेकांच्या अंगावर जाणार नाहीत. अंगठ्याचं हजेरी मशीन, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), प्रिंटर यांना वेगवेगळी माणसं येऊन हाताने आयपी देऊन जातात. ते सगळे एका कागदावर लिहा आणि तो कागद स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा.

मुख्य राउटरचा पत्ताच १९२.१६८.१.१ वरून १९२.१६८.७७.१ असा काहीतरी करावा, हे माझं मत. उद्या कुणी बाजारातून आणलेला डबा लावला तरी त्याचा पत्ता आपल्या गेटवेशी टक्कर घेणार नाही. त्याचा डीएचसीपी तरीही चुकीचे पत्ते वाटू शकतो, पण ते लगेच ओळखू येतं: ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) मध्ये ७७ ऐवजी १ दिसला की समजायचं. मॅनेज्ड स्विच घ्यायची ताकद असेल तर डीएचसीपी स्नूपिंग चालू करा. मग पत्ते वाटणाऱ्याची उत्तरं फक्त ठरवलेल्या पोर्टातूनच आत येऊ दिली जातात, बाकीची तिथेच अडवली जातात.

टॅलीही अडकत असेल तर

हा वेगळा रोग आहे. सगळ्या पीसींचं सगळं एकदम ठप्प होतं, पिंगचे आकडे उड्या मारतात किंवा उत्तरच येत नाही, आणि स्विचचे सगळे दिवे एका लयीत, न थांबता भराभर लुकलुकतात. हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही. याला लूप म्हणतात: एका स्विचकडून दुसऱ्याकडे जायला दोन वाटा तयार झाल्या आहेत.

स्विच ब्रॉडकास्ट सगळीकडे पाठवतो हे वर आलं. दोन वाटा असल्या की एकीने गेलेली ब्रॉडकास्ट दुसरीने परत येते, आणि स्विच ती नवीच समजून पुन्हा सगळीकडे पाठवतो. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, प्रत्येक राउटरवर एकाने कमी होत तो शून्यावर आला की पॅकेट संपतं. विंडोज तो १२८ पासून मोजते, लिनक्स ६४ पासून. इथरनेटच्या फ्रेमला असा आकडाच नाही. दुसऱ्या थरावर फिरायला लागलेली फ्रेम वायर काढेपर्यंत फिरत राहते. १०० एमबीपीएसच्या वायरीवर सगळ्यात लहान फ्रेम सेकंदाला १,४८,८१० बसतात, गिगाबिटवर त्याच्या दहापट. एक एआरपीची हाक सगळी वायर भरून टाकते. प्रत्येक पीसीला प्रत्येक ब्रॉडकास्ट वाचावी लागते, त्यामुळे पीसीही जड होतात.

यावर उपाय शोधणारी रेडिया पर्लमन ही गणिताची पदवीधर. १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना तिने स्पॅनिंग ट्रीची पद्धत मांडली. ब्रिज एकमेकांना छोटे निरोप पाठवून एका ब्रिजला मूळ ठरवतात, त्याच्यापर्यंतची सगळ्यांची एकच वाट चालू ठेवतात आणि जास्तीचं पोर्ट अडवून ठेवतात. चालू वाट तुटली की अडवलेली उघडते. १९९० मध्ये ते मानकं ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेच्या ८०२.१डी या मानकात आलं. इतक्या कमी सामग्रीत इतका मोठा प्रश्न सोडवणारं काम नेटवर्किंगमध्ये फार थोडं आहे, असं मला वाटतं.

आपल्याकडच्या टेबलाखालच्या आठ पोर्टांच्या साध्या स्विचमध्ये मात्र हे नसतं. काहींत लूप ओळखण्याची छोटी सोय असते, बाकीचे भाबडेपणाने फ्रेम फिरवत बसतात. लूप होतो कसा? खंडेनवमीच्या पूजेआधी ऑफिस झाडून-पुसून काढतात, टेबलं सरकतात, आणि लोंबकळणारं वायरीचं टोक कुणीतरी चांगल्या मनाने जवळच्या रिकाम्या पोर्टात खोचतं. किंवा दोन वायरी लावल्या की वेग दुप्पट होतो असं ऐकून राउटर आणि स्विच यांच्यात दोन केबल जोडल्या जातात. दोन वायरींची एक जोडी करता येते, पण त्याला दोन्ही बाजूंना लिंक ॲग्रिगेशन समजणारी यंत्रं लागतात. साध्या स्विचमध्ये तो सरळ लूपच.

इथेही रीस्टार्टचा परिणाम नीट बघा. राउटर बंद असेपर्यंत टॅली झकास चालते आणि तो चालू होताच पुन्हा ठप्प, असं होत असेल तर लूप राउटरच्या लॅन पोर्टांमधून जातो. रीस्टार्टने ढिम्म फरक पडत नसेल तर तो दुसरीकडे आहे. शोधताना मुख्य स्विचवरच्या निम्म्या वायरी एकदम काढा. दिवे शांत झाले तर दोष काढलेल्या निम्म्यात. मग त्यातल्या निम्म्या परत लावा. चोवीस पोर्टांच्या स्विचवरही चार-पाच फेऱ्यांत ती वायर हातात येते. एकेक वायर काढून लगेच परत लावत बसलात तर नुसता वेळ जातो.

मॅनेज्ड स्विच घेतलात तर त्यात आरएसटीपी, म्हणजे स्पॅनिंग ट्रीची जलद आवृत्ती, चालू आहे हे तपासा. ती २००१ मध्ये आली आणि काही सेकंदांत वाट बदलते. जुन्या पद्धतीत पोर्ट चालू झाल्यावर १५ सेकंद ऐकण्याचे आणि १५ सेकंद शिकण्याचे जातात, तोवर फ्रेम पुढे जात नाही. सकाळी पीसी चालू केल्यावर त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि वायर काढून लावली की बरं होतं, ही तक्रार बऱ्याचदा यातली असते. पीसी डीएचसीपीला हाका मारून दमतो आणि पोर्ट त्यानंतर उघडतं. पीसी जोडलेल्या पोर्टांना ‘एज पोर्ट’ किंवा ‘पोर्टफास्ट’ करा. दुसरा स्विच जोडलेल्या पोर्टाला ते कधी करू नका.

रस्त्यापलीकडची शेड

चिंचोळी एमआयडीसीत किंवा अक्कलकोट रोडला एकाच मालकाच्या दोन इमारती रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि मध्ये वायर नेता येत नाही. मग गच्चीवर समोरासमोर दोन रेडिओ लावतात. हा वायरलेस ब्रिज. तक्रार अशी येते की पलीकडे एक पीसी चालतो आणि दुसरा लावला की पहिल्याचं बिघडतं, किंवा हजेरी मशीन दिसतं पण कॅमेरे दिसत नाहीत.

कारण वाय-फायच्या फ्रेममध्ये आहे. साध्या क्लायंट म्हणून जोडलेल्या रेडिओच्या फ्रेममध्ये तीनच पत्त्यांची जागा वापरली जाते, आणि पाठवणारा म्हणून रेडिओ स्वतःचाच मॅक घालतो. त्याच्या मागे बसलेल्या दहा यंत्रांचे मॅक पलीकडे पोचतच नाहीत. रस्त्याच्या या बाजूच्या पीसीवरच्या ‘एआरपी -ए’ मध्ये चार-पाच वेगळ्या आयपींसमोर एकच मॅक दिसला तर हेच चाललंय. खरा ब्रिज हवा असेल तर चार पत्त्यांची फ्रेम लागते. रेडिओच्या सेटिंगमध्ये ती डब्ल्यूडीएस किंवा ट्रान्सपरंट ब्रिज या नावाने असते, आणि दोन्ही टोकांना चालू करावी लागते. पलीकडचा रेडिओ ‘राउटर’ मोडमध्ये राहिला असेल तर ती शेड वेगळंच नेटवर्क होते. तिथून इंटरनेट चालतं, पण ऑफिसातून तिथला एनव्हीआर दिसत नाही, कारण मध्ये तिसरा थर आणि नॅट येऊन बसलेत.

आणि दोन इमारतींमध्ये जमिनीवरून वायर नेता येत असेल तर रेडिओ नको, तांब्याची केबलही नको. तांब्याची मर्यादा १०० मीटर, वर दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं. पावसाळ्यात वीज कडाडली की दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही.

राउटर खरोखरच दोषी असतो तेव्हा

टॅली चालू आहे, गेटवेचा मॅक दोन्ही फोटोंत एकच आहे, गेटवे पिंगला उत्तरही देतो. आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉल सुरू राहतो, पण नवी साइट उघडत नाही. रीस्टार्ट केल्यावर सगळं सुरळीत. हे मात्र राउटरचं दुखणं.

नॅट करताना राउटर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो: आतला कुठला पीसी, त्याचं कुठलं पोर्ट (इथे वायर खोचायचं नव्हे, जोडणीचा क्रमांक), बाहेरचा कुठला पत्ता. ही वही त्याच्या स्मृतीत असते आणि स्वस्त राउटरमध्ये ती लहान असते. ऑफिसचे पीसी, कामगारांचे मोबाइल, फोनवर सतत चित्र पाठवणारे कॅमेरे हे सगळे मिळून ती भरून टाकतात. वही भरली की चालू नोंदी टिकतात, नवी लिहायला जागा उरत नाही. बरेच राउटर आतून लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये जोडलेल्या टीसीपी जोडणीची नोंद काही हालचाल नसली तरी ५ दिवस ठेवली जाते. बनवणारे हा काळ कमी करून देतात, सगळेच नाही. रीस्टार्टने वही कोरी होते, म्हणून बरं वाटतं.

राउटरच्या पानावर ‘सेशन’ किंवा ‘कनेक्शन’ असा आकडा दिसत असेल तर नेट गेल्यावर तो मर्यादेजवळ आहे का बघा. कामगारांच्या मोबाइलसाठी वेगळं पाहुणे नेटवर्क करा आणि प्रत्येक यंत्राच्या जोडण्यांना मर्यादा घाला. तेवढ्याने भागलं नाही, तर जास्त जोडण्या पेलणारा, ऑफिससाठी बनवलेला राउटर घ्यायची वेळ आली आहे. तो घेताना वाय-फायचा वेग विचारत बसू नका, एका वेळी किती जोडण्या पेलतो ते विचारा. आणि तो पत्र्याच्या शेडमध्ये, लूमच्या सुताची धूळ बसेल अशा जागी लावू नका. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असताना पत्र्याखालचा बंद डबा तापून अडखळतो, आणि तेव्हाही लक्षण हेच दिसतं: बंद ठेवून थोडा गार झाला की चालतो. हात लावून बघा, चटका बसत असेल तर आधी त्याची जागा बदला.